सिंगापूर फार लांब नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सिंगापूरच्या नोकरीला होकार कळवल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत आणि आईने घाईघाईने माझ्या जेवणाची चौकशी केली. म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर सुमारे 3,900 किलोमीटर आहे आणि थेट विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला यायचे तर अख्खी रात्र जाते. अर्थात, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबई गाठणे, तीन तास आधी विमानतळावर हजर राहणे आणि तिथल्या तपासण्या धरल्या, तर दारापासून दारापर्यंत सबंध दिवस मोडेल, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा मी मुंबईतच होते आणि तरीही तुमच्यापर्यंत येऊ शकले नव्हते. त्या दिवसांत आईने वरच्या मजल्यावर बाबांना कसे सांभाळले असेल, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही. ही नोकरी घेताना, निकड पडली तर मागेपुढे न पाहता तिकीट काढून निघता येईल एवढी ऐपत असावी, हाही हिशेब माझ्या मनात होता.

बाबा, तुम्ही मला नकाशावर फूटपट्टी ठेवून अंतर काढायला शिकवले होते आणि माझा हात हलला की वरून तुमचा हात धरायचात. तशीच पट्टी ठेवून पाहा: वाट दक्षिण भारत आणि बंगालचा उपसागर ओलांडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाते. बरेचदा जाताना वारा पाठीशी असतो आणि येताना समोरून येतो, त्यामुळे परतीला थोडा अधिक वेळ लागतो. तेव्हा मी येताना विमान जरा रेंगाळले तर काळजी करत बसू नका.

तिथले घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. आईची सातची दिवाबत्ती झाली की माझे साडेनऊ वाजलेले असतील. जेवून निवांत बसलेली असेन, रोज त्याच वेळी बोलू.

दिवाळीनंतर तुम्ही दोघांनी यायचेच आहे. बाबांनी विमानतळावर व्हीलचेअर मागून घ्यायची. ती अशक्तपणाची खूण नव्हे, लांबलचक चालणे वाचवण्याची सोय आहे. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, विमानात दर तासाला पाय हलवा आणि पाणी पीत राहा, कारण आतली हवा फार कोरडी असते. आई, अनारसे आणू नकोस. सिंगापूरमध्ये खसखस न्यायला बंदी आहे. त्याऐवजी चकल्या आण, मी वाट पाहीन. बाबांच्या पासपोर्टची मुदत प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने उरलेली हवी, तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात भरा. व्हिसाचे मी पाहते.

तुमची,
ताई