वैयक्तिक कारणास्तव

प्रिय बाळ्या,

तुझी तीन पानं वाचली. काल रात्री एकदा, मग सकाळी ट्रेनमध्ये परत, आणि माझं स्टेशन हुकता हुकता राहिलं. एवढा राग तुझ्यात असेल असं वाटलं नव्हतं रे, शाळेत छड्या खाऊन पण गप्प बसायचास तू. आठ वर्षं पोरं घडवली, सकाळी साडेपाचला स्वतः जाऊन नेट बांधलं, आणि एक फायनल गेली तर क्रिकेट क्लबच्या कमिटीने बोलावून चहा पाजला आणि म्हणे सर तुम्हीच राजीनामा द्या, 'वैयक्तिक कारणास्तव' लिहा म्हणजे दोघांचीही इज्जत राहील. दोघांची! हे वाचून माझंही डोकं फिरलं.

तू विचारलंयस की टाकू का हे फेसबुकवर. सांगतो, पण आधी एक जुनी गोष्ट ऐक. इथे न्यू जर्सीत आल्यापासून मला बेसबॉलचं येड लागलंय हे तुला माहितीये (वहिनी हसतात ते पण माहितीये), पण क्रिकेटसाठी अर्ध्या रात्री उठावं लागतं आणि हे जेवताना लागलेलं असतं, मग काय करणार.

न्यूयॉर्क यांकीजचा एक मॅनेजर होता, केसी स्टेंगल. बेसबॉलमध्ये हेड कोचला मॅनेजर म्हणतात, आणि गंमत म्हणजे तो सत्तर वर्षांचा असला तरी खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून बसतो. याने १२ वर्षांत १० वेळा लीग जिंकून दिली आणि ७ वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली फायनल, त्यातल्या पहिल्या पाच तर सलग, १९४९ ते १९५३. असा रेकॉर्ड असलेल्या माणसाला कोण हात लावणार असं वाटतं ना? मग आली १९६०ची सिरीज, पिट्सबर्ग पायरेट्सशी. सात मॅचेसची. यांकीज ज्या तीन जिंकले त्या १६-३, १०-० आणि १२-० अशा, म्हणजे समोरच्याला धुतलं अक्षरशः, आणि हरले त्या चारही थोडक्यात. सगळे रन मिळून ५५ विरुद्ध २७, आणि सिरीज गेली! शेवटच्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला एक साधा बॉल टप्पा पडून उसळला, म्हणतात मातीतल्या खड्यावर पडला, आणि सरळ यांकीजच्या टोनी क्युबेकच्या गळ्यावर. त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि तिथून मॅच फिरली. नवव्यात, म्हणजे शेवटच्या इनिंगला, पायरेट्सच्या बिल मॅझेरोस्कीने होम रन मारला, आपल्या सिक्ससारखा, १०-९. खेळ खल्लास. लेफ्ट फील्डला उभा राहून तो बॉल भिंतीपलीकडे जाताना बघणारा माणूस होता योगी बेरा, हे नाव लक्षात ठेव, तो परत येणार आहे.

आता चूक नव्हती का? होती. व्हायटी फोर्ड हा त्यांचा सगळ्यात भारी पिचर, म्हणजे बॉलर, त्याला स्टेंगलने पहिल्या मॅचला उतरवलाच नाही, तिसऱ्या आणि सहाव्याला उतरवला. त्या दोन्ही मॅचेसमध्ये समोरच्यांना भोपळा. पहिल्याला उतरवला असता तर तो तीनदा खेळला असता, हा हिशोब न्यूयॉर्कची लोकं अजून करतात. म्हणजे तुझ्या ऑफस्पिनरच्या ओव्हर्ससारखंच झालं ते. चिडू नकोस, पण त्या शेवटच्या ओव्हरबद्दल मला अजूनही प्रश्न आहे.

तर १३ ऑक्टोबरला मॅच हरली आणि १८ तारखेला सॅव्हॉय हिल्टन हॉटेलात पत्रकारांना बोलावलं. सहमालक डॅन टॉपिंगने गोड गोड निवेदन वाचलं, क्लबने वयाबद्दल नवीन धोरण आणलंय, केसीला १ लाख ६० हजार डॉलर मिळणार वगैरे. 'काढलं' हा शब्द कुठेच नाही. म्हणजे तुझ्या कमिटीचं 'वैयक्तिक कारण'च की, फक्त हॉटेल भारी आणि चहाऐवजी दारू. पत्रकारांनी विचारलं, केसी, तुला काढलं का? म्हातारा तिथेच मालकासमोर म्हणाला की राजीनामा म्हणा, काढलं म्हणा, तुम्हाला हवं ते लिहा, मला फरक पडत नाही. यांना माझी गरज उरली नाही असं यांनी मला सांगितलंय, एवढं त्याने सरळ बोलून टाकलं, आणि वर ते प्रसिद्ध वाक्य, की सत्तर वर्षांचं होण्याची चूक मी परत कधी करणार नाही.

बाळ्या, हे वाक्य बघ जरा. पासष्ट वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडी आहे. तक्रार आहेच ना ती, जाहीर, सगळ्या पेपरात छापून आलेली. पण त्यात तो खडा नाही, फोर्ड नाही, कुठल्या खेळाडूचं नावच नाही. मालकाने जे गुंडाळून ठेवलं होतं ते त्याने तेवढं उघडं केलं, बास. पुढे न्यूयॉर्कच्याच नव्या मेट्स टीमने त्याला घेतलं, १९६२च्या पहिल्या सीझनला तिथे ४० जिंकले आणि १२० हरले, इतकं वाईट खेळून पण शहराने म्हाताऱ्यावर जीव टाकला. १९६६ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला.

याचाच लाडका चेला बिली मार्टिन, तो बरोबर उलटा. पुढे यांकीजचा मॅनेजर झाला आणि १९७८ मध्ये मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर आणि स्टार खेळाडू रेजी जॅक्सन या दोघांबद्दल पत्रकारांना बोलून बसला, एक जन्माचा खोटारडा आहे आणि दुसऱ्यावर गुन्हा शाबित झालाय. वाक्य कडक आहे, मान्य. मालकाचा गुन्हाही खरा होता, राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या निवडणुकीला बेकायदा पैसे दिल्याचा. पण दुसऱ्याच दिवशी कॅन्सस सिटीत रडत रडत राजीनामा दिला, आणि टीमने त्याच वर्षी दुसऱ्या मॅनेजरच्या हाताखाली वर्ल्ड सिरीज जिंकली! नंतर याच मालकाने त्याला परत घेतलं, काढलं, घेतलं, काढलं, एकूण पाच वेळा मॅनेजर केलं. तुझं दुसरं पान मला त्या वाक्यासारखं वाटलं रे. वाचताना मजा येते, पण दुसऱ्या दिवशी काय?

आता योगी. खरं नाव लॉरेन्स. तरुणपणी हातपाय दुमडून मांडी घालून बसायचा, मित्राने भारतावरच्या कुठल्यातरी फिल्ममध्ये एक योगी बघितला होता, त्याने नाव पाडलं ते कायमचं. १९८५ मध्ये हा यांकीजचा मॅनेजर होता आणि स्टाइनब्रेनरने फेब्रुवारीत शब्द दिला होता की सुरुवात खराब झाली तरी पूर्ण सीझन योगीच राहील. झाल्या १६ मॅचेस, ६ जिंकल्या १० हरल्या, आणि काढला. मुलगा त्याच टीममध्ये खेळत होता, त्याच्यासमोर. आणि जागेवर आणला कोण, तर बिली मार्टिन! पण योगीला लागलं ते काढल्याचं नाही, ते तर आधी दोनदा झालं होतं, लागलं हे की मालक स्वतः आला नाही, फोनही नाही, दुसऱ्या माणसाला पाठवून निरोप दिला. (तुझ्या कमिटीने निदान समोर बसवून चहा तरी पाजला.) तेव्हा याने ठरवलं, हा मालक आहे तोवर यांकी स्टेडियममध्ये पाय ठेवणार नाही. आणि नाही ठेवला. १९८८ मध्ये तिथे त्याच्या नावाची पाटी लावली, हा गेला नाही. चौदा वर्षं, वनवासच की. शेवटी जानेवारी १९९९ मध्ये स्टाइनब्रेनर स्वतः त्याच्या म्युझियममध्ये आला, इथेच न्यू जर्सीत आहे ते, मी दोनदा जाऊन आलोय, आणि समोर उभं राहून म्हणाला की स्वतः येऊन सांगितलं नाही ही बेसबॉलमधली माझी सगळ्यात मोठी चूक. त्या जुलैत स्टेडियमवर योगी बेरा डे केला आणि त्याच दिवशी डेव्हिड कोनने परफेक्ट गेम टाकली, म्हणजे समोरचा एकही माणूस बेसवर, धावायच्या पहिल्या टप्प्यावरही, पोचला नाही. कोणी कथेत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही फेकतो हा.

पण मला नाही वाटत तू चौदा वर्षं गप्प बसावंस. योगीकडे हॉल ऑफ फेम होतं, आपल्याकडे काय आहे, आणि त्या मैदानाशेजारूनच तुला रोज दूध आणायला जायचंय.

म्हणून माझं मत. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहू नकोस, त्यांना काढायचं असेल तर त्यांनी त्यांच्या लेटरहेडवर लिहून द्यावं. फेसबुकवर टाकच, पण पहिल्या पानावरच्या पहिल्या दोन ओळी, 'मला क्लबने काढलं आहे, मी राजीनामा दिलेला नाही' एवढंच, आणि खाली आठ वर्षांत कोण कोण पोरं जिल्ह्याला खेळली त्यांची नावं. पान तीनमधलं पैशाचं कमिटीला लेखी दे, फेसबुकवर नको. आणि पान दोन फाड. तिथे त्या कॅच सोडणाऱ्या पोराचं नाव तू चार वेळा घेतलंयस, मी मोजलं. पंधरा वर्षांचा आहे तो, तूच मला लिहिलं होतंस की मॅचनंतर बसमध्ये तो कोणाशी बोलला नाही. कमिटी ते पान वाचणार नाही, तो वाचेल.

त्याला एक फोन कर ना जमलं तर. काय बोलायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

मी डिसेंबरात येतोय, वहिनींना सांग भरली वांगी पाहिजेत. योगीच्या म्युझियममधली कॅप आणतो तुझ्यासाठी, डोक्याचं माप कळव, शाळेतलं माप आता बसायचं नाही.

तुझा,
पक्या