गॅरेजातल्या इंजिनाबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा "विकतचं इंजिन मिळत नाही का गं तिकडे?" एवढं विचारून तू फोन ठेवलास. मिळतं, पण विमानाचं नवं इंजिन चांगल्या मोटारीहून महाग पडतं. मी बांधतेय त्या विमानासाठीचं इंजिन आहे ते माझदाच्या आरएक्स-8 गाडीतलं, भंगारातून आणलेलं. सध्या पूर्ण खोलून ठेवलंय.

बाबा, हे रोटरी इंजिन, यात पिस्टन नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. एसटीच्या वर्कशॉपात तुम्ही जन्मभर घासलेत ते व्हॉल्व्हही नाहीत. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर लांबट पोकळीत फिरतो. असे दोन रोटर, मिळून 1.3 लिटर. रोटरचा एक फेरा होईतो शाफ्टचे तीन होतात. सगळी मदार रोटरच्या टोकांवरच्या सीलपट्ट्यांवर. पट्टी 2 मिलिमीटर जाड, तिच्याखाली बारीक स्प्रिंग. जोडताना ती खाचेतून निसटू नये म्हणून व्हॅसलीन चोपडायचं आणि श्वास रोखून हाउसिंग, म्हणजे रोटरभोवतीचं कवच, वरून उतरवायचं. तुमचं फटी मोजायचं फीलर गेज रोज हातात असतं.

इंजिन मिनिटाला 6000-7000 फेऱ्यांवर जोर धरतं, विमानाच्या पंख्याला (प्रोपेलरला) 2700 पुरतात. म्हणून मधे गिअरबॉक्स. तो तयार घेतलाय, आई, दाते मी कापणार नाहीये! प्रत्येक रोटरला दोन-दोन स्पार्क प्लग आहेत, एक गेला तरी दुसरा चालवतो. मला खरी धास्ती तापण्याची आहे. हाउसिंग ॲल्युमिनियमचं, बाजूच्या प्लेटा बिडाच्या. जास्त तापलं की दोन्ही सारखे फुगत नाहीत. त्यामुळे पाण्याइतकंच तेलाच्या कूलरकडेही लक्ष देतेय.

आणि आई, चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव टीव्हीवर दिसले तेव्हा "बघ, जिद्द असावी तर अशी" कोण म्हणालं होतं?

आधी इंजिन जमिनीवर स्टँडला बांधून चालवणार. विमानात बसवल्यावर, असं मोटारीचं इंजिन असलं की इथे पहिल्या उड्डाणांचे सहसा 40 तास वस्तीपासून लांबच काढावे लागतात, प्रवासी न घेता. बाबांची सीट त्यानंतर.

बाबा, हाउसिंगचे लांब बोल्ट थोडेथोडे, क्रमाने आवळायचे असतात. मॅन्युअल आहेच, पण तुम्ही हेड बसवताना कुठल्या बोल्टपासून सुरुवात करायचात आणि का, ते फोनवर सांगा. आई, गुडघ्याची गोळी चुकवू नकोस.

तुमची,
मीनू