आई, तुझे पाय आणि माझे

प्रिय आई, बाबा,

आधी सांगते, मी ठणठणीत आहे. मंगळवारी उजव्या पायाच्या फुगलेल्या शिरेचं लेझर करून घेतलं. आधी कळवलं असतं तर आई रात्रभर जागली असती. रागवा, पण पुढचं वाचा. भूल फक्त पायापुरती होती, थोड्याच वेळात माझी मी चालत बाहेर आले. आता दोन उशांवर पाय ठेवून लिहितेय. जेवण वेळेवर होतंय, झोपही पुरते.

दुसरं म्हणजे, मी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरची ड्युटी, सोडली. पुढच्या महिन्यापासून ओपीडीत. कामाचा कंटाळा आला म्हणून नाही, आई, तुला तरी ते सांगायला नको. पण एकदा स्क्रब केलं, म्हणजे हात धुऊन ऑपरेशनला उभं राहिलं, की चार-चार तास एका जागी. चालताना पोटरी दर पावलाला रक्त वर ढकलते. नुसतं उभं राहिलं की ते पायातच साचतं, शिरा ताणतात, रक्त परत खाली येऊ न देणाऱ्या आतल्या झडपा नीट मिटत नाहीत. चौदा वर्षं काढली, तरी बदली मागताना वाटलं, मी पळ काढतेय. पण एक शीर बंद केली आणि उभं राहणं तेच राहिलं, तर उद्या दुसरी फुगू शकते.

तुझी नाइट ड्युटी संपली की मी तुझे पाय चेपायचे. गुडघ्यामागची ती गाठ बोटाने दाबली की बसायची, सोडली की टम्म भरायची. मला खेळ वाटायचा. दुखतंय असं तू एकदाही म्हणाली नाहीस. हे रक्तातून येतं म्हणून मनाला लावून घेऊ नकोस गं. माझ्या पायांची ही गत होण्यात ड्युटीचाही हात आहे.

आता ऐक. घोट्याजवळची ती काळी कातडी वयाची नाही. तिथे जखम झाली तर महिनोन्‌महिने भरत नाही. या आठवड्यात डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करायचं. खाजलं तरी नखं लावायची नाहीत. गरम पाण्याची बादली बंद, उष्णतेने शिरा आणखी पसरतात. डॉक्टरांनी पायाची नाडी बघून घट्ट मोजे दिले, तर ते सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी चढवायचे. बाबा, तिला एकटीला जमणार नाहीत, तुम्ही ओढून द्या. शिरेतून रक्त आलंच तर तिला आडवं करा, पाय उंच धरा, फडक्याने दाबून ठेवा. एकाच पोटरीला अचानक सूज आली तर माझ्या फोनची वाट न बघता दवाखाना गाठा.

डॉप्लरची वेळ मिळाली की कळवा. सुट्टी काढून ठेवलीय, मी सोबत येते.

तुमची,
छोटी