आदर्श शिक्षकाचा प्रस्ताव गावाने पाठवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

५ सप्टेंबरच्या आसपास आपल्या पेपरात जिल्हा परिषदेच्या आदर्श शिक्षक पुरस्कारांची यादी येते. साधारण तालुक्याला एक नाव. जतचं नाव मी आधी बघते. ज्यांची नावं येतात त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यातल्या एका गुरुजींच्या हाताखाली माझा भाऊ शिकला, त्यांना पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. तक्रार आहे ती नावं निघतात त्या रीतीबद्दल.

माझी पिठाची गिरणी आहे, जिल्हा परिषद शाळेच्या फाटकासमोर. गाव जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. निम्म्या घरांत कानडी बोलतात. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला वाळव्याकडे, कराडकडे निघतात, त्या उन्हाळा लागल्यावर परततात. माझे दीर-जाऊही कोयत्यावर जातात आणि तेवढे महिने त्यांची दोन पोरं माझ्याकडे असतात. त्या निमित्ताने शाळेत जाणं-येणं वाढलं आणि शाळा व्यवस्थापन समितीवर मला घेतलं. (२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बायका हव्यात असं लिहिलंय, नाहीतर गिरणीवालीला कोण विचारतंय!)

शाळा दोन शिक्षकी. त्यातल्या बाई शिराळा तालुक्यातल्या, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या. नाव लिहीत नाही, त्यांना चालणार नाही. आल्या तेव्हा कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. शाळा सुटली की दळणाला नंबर लावून बसलेल्या बायकांत येऊन बसायच्या आणि विचार विचार विचारायच्या. बायका हसायच्या, पण शिकवायच्या. आता पहिलीचं पोरगं रडत रडत कानडीत काय सांगतंय ते त्यांना कळतं. त्याला आधी कानडीत उत्तर मिळतं, मग तेच मराठीत. चौथीपर्यंत येता येता ते पोरगं माझ्याशी हिशेबावरून मराठीत भांडायला लागतं. वजनमाप तर माझ्याच काट्यावर शिकवतात. प्रत्येकाने अंदाजाने एक किलो ज्वारी पिशवीत भरायची आणि मग काट्यावर ठेवायची. दळणवाल्यांचा खोळंबा होतो, ते कुरकुरतात, आणि मग तेही अंदाज बांधायला लागतात.

दसरा झाला की बाई घरोघर फिरतात. कोण जाणार, पोरं कुणाकडे ठेवणार. त्यांच्या एका वहीत सगळं लिहिलेलं असतं : पोराचं नाव, सांभाळणारी आजी नाहीतर चुलती, मुकादमाचा नंबर, कारखाना कुठला. जी पोरं आईबापाबरोबर जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड भरून देतात, ते दाखवलं की जातील तिथल्या शाळेत बसता येतं. कार्ड देणं नियमात आहे. पोरगं तिथल्या शाळेत पोचलं का, हे फोन करून विचारणं कुठल्या नियमात नाही, तेही त्या करतात.

आणि संध्याकाळचे फोन. टोळी फडातून खोपीवर आली की बाई आपल्या मोबाईलवरून एकेका पोराचं आईबापाशी बोलणं करून देतात, पण आधी वाचून दाखवायचं, मग बोलायचं. गेल्या हंगामात माझी पुतणी धडा वाचत होती, फोन स्पीकरवर. माझी जाऊ अंगठा उठवणारी बाई. पलीकडून मधेच म्हणाली, "पुस्तकात हाय का मनानं सांगतीस?" बाई पुतणीला म्हणाल्या, "पान नंबर सांग आईला." तिने सांगितला. सुट्टीला आल्यावर जावेने पुस्तक मागून ते पान उघडायला लावलं.

आता या कामाची फाईल कशी करायची?

कारण पुरस्कार फाईलवर ठरतो. प्रस्ताव शिक्षकानेच करायचा, फोटो लावायचे, प्रमाणपत्रं लावायची, उपक्रमांची कात्रणं लावायची. (राग मानू नका, त्यातली बरीच कात्रणं आपल्याच पेपरातली असतात.) दिल्लीचा राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासूनचा. त्यालाही २०१८ पासून शिक्षकाने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा असतो, मुलाने मोबाईलवर शोधून दाखवलं. वशिल्याची शिफारस टळावी हा हेतू असेल तर तो चांगलाच आहे. पण मग "मी चांगला" असं ज्याला लिहून देता येतं तोच पुढे जातो. आमच्या बाईंना वरून दोनदा सांगणं आलं, प्रस्ताव करा म्हणून. त्या म्हणाल्या, "पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरू का माझा?" आधीच पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या. जनगणना, निवडणूक, आपत्ती सोडून शिक्षकाला दुसरं काम लावू नये असं त्याच कायद्यात आहे, पण जे सोडलंय तेवढंच पुष्कळ होतंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून पाठवावा. शिक्षकाला अर्ज करायलाच लावू नये. गावकीत हेवेदावे असतात, भावकी असते, हे मला नवीन नाही. तेव्हा ठरावावर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तपासायला या. पण जानेवारीत या, न सांगता. पावसाळ्यात सगळ्याच शाळा भरलेल्या दिसतात. टोळ्या गेल्यावर आमच्या वर्गात किती पोरं बसलीत ते मोजा, एखाद्याला वाचायला लावा, दोन घरी जाऊन आजीला विचारा. हारतुऱ्याच्या फोटोपेक्षा त्यातून जास्त कळेल, आणि वेळही फार लागणार नाही.

शिवाय तालुक्याला एकच नाव हा हिशेब जतला पुरत नाही. जिल्ह्यात दहा तालुके, त्यात क्षेत्राने जत सगळ्यांत मोठा. मराठी शाळा आहेत, कानडी शाळा आहेत, वस्तीवरच्या आहेत. निदान स्थलांतरित पोरांच्या शाळांसाठी एक वेगळं नाव काढावं.

आणि शाल-श्रीफळ द्यायचंच तर द्या, पण सोबत त्या शाळेला काहीतरी लागू पडेल असं द्या. आमच्या बाईंना विचाराल तर त्या तिसरा शिक्षक मागतील, अगदी हंगामापुरता सुद्धा.

आमच्या समितीची महिन्याची बैठक येत्या आठवड्यात आहे. बाईंच्या नावाचा ठराव मी मांडणार आहे, आणि सह्या घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे नेऊन देणार आहे. प्रस्ताव मागवायचं पत्रक अजून निघालेलं नाही. त्याआधी हे पत्र छापून आलं तर दुसऱ्या गावच्या समित्यांनाही ठराव करायला सवड मिळेल.

आपली,
एक पालक सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती,
ता. जत, जि. सांगली