यंदा बाय चवथीला येणार नाही

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर मी "यंदा जमणार नाही" म्हटल्यावर आई एकदम गप्प झाली. फोनवर नीट बोलणं होत नाही, मध्येच आमची तान्ही बाय रडते, म्हणून लिहून पाठवतोय. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा.

आई, तू बायला गणपतीच्या पायांवर घालायचं बोलली आहेस, हे मला ठाऊक आहे. हृदयातल्या पडद्याचं भोक बुजवायला तिला आत नेलं आणि ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं, तेव्हा मीही त्यालाच हाका मारत होतो. पण चवथीला आपलं मूळ घर कसं असतं ते तूच आठव. मुंबईपासून सावंतवाडीपर्यंतची सगळी भावकी, रात्री भजन, धूप, अंगणात फटाके, आणि जो येईल तो "बघू गो बाय" म्हणत हात पुढे करणार. त्यात हे पावसाळ्याचे दिवस, घरोघरी सर्दी-ताप. मोठ्यांची चार दिवसांची सर्दी आत्ता तिच्या छातीत उतरली तर तिला पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागेल. तो नवस आपण माघी गणेश जयंतीला फेडू. तोपर्यंत छातीचं हाड पक्कं जुळलेलं असेल, आणि डॉक्टरांचाही होकार घेता येईल.

गणपतीच्या वर फळं-पानांची माटोळी बांधायला मी आदल्या दिवशी येतो. बाबा, तुम्ही शिडीवर चढू नका. सकाळची पूजा, आरती करून मी परत पर्वरीला निघेन, आणि अंघोळ करून, कपडे बदलूनच बायला घेईन.

विसर्जन होऊन घर आवरलं की मात्र तुम्ही दोघं इकडे या, आणि राहायलाच या. आई, मागच्या वेळी तू तिच्याजवळ बसलीस, पण तिला उचललं नाहीस. भीती वाटली ना? मलाही वाटायची. नर्सने माझे हात धरून शिकवलं, तसंच मी तुला शिकवीन. काखेत हात घालून तिला उचलायचं नाही, हात धरून ओढायचं नाही. एक तळवा मान आणि डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अख्खं अंग एकदम वर घ्यायचं. छातीचं हाड मधोमध उभं कापून पुन्हा जोडलंय, ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. काखेतून उचललं की सगळा ताण त्याच हाडावर येतो. एकदा नीट घेतली की ती मजेत खांद्यावर मान टाकते. ढेकर काढायलाही तसंच घ्यायचं. झोपवायची उताणीच. पालथी घालणं डॉक्टर सांगतील तेव्हा.

मालिशचं तू विचारलंस. सध्या नको. शेक आणि ओव्याची धुरीही नको, धूर तिच्या फुप्फुसांना सोसणार नाही. अंघोळ म्हणजे कोमट पाण्यात कपडा पिळून अंग पुसणं. गळ्याखालून खाली येणारी ती उभी जखम आम्ही कोरडी ठेवतो, तिला तेल, पावडर, हळद काही लावत नाही. देवळातला अंगारा आणशील तो कपाळाला चिमूटभर लाव, जखमेजवळ नको. जखम लाल झाली, सुजली, पाणी यायला लागलं, किंवा ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करायचा. ओठ निळे पडले किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या गेल्या तर थेट १०८.

दूध पिणं हा तिचा खरा अभ्यास आहे. ऑपरेशनच्या आधी चार घोट घेतले की कपाळावर घाम यायचा आणि ती दमून झोपून जायची, वजन म्हणून चढत नव्हतं. आता पिते, पण थोडं थोडं. अर्ध्या तासाच्या वर ओढत नाही, थांबतो, मग पुन्हा देतो. बोंडल्याने घशात ओतायचं नाही, ठसका लागतो. गुटी नको, आणि मध तर वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला नको. लॅसिक्सचं औषध मीच सिरिंजमध्ये मोजून देतो. अंगात साठलेलं पाणी त्याने लघवीवाटे जातं, म्हणून लंगोट किती वेळा ओला झाला तेही लिहून ठेवतो. औषध दिल्यावर उलटी झाली तर आपल्या मनाने पुन्हा द्यायचं नाही. कागद फ्रीजवर लावलाय, बाबा, तो तुमच्या ताब्यात देणार आहे. तुमच्याइतकं नेटकं लिहिणारं घरात कोणी नाही.

आई, अजून एक. ग्रहणात बाहेर गेली, पपई खाल्ली, असं काहीबाही शेजारी बोलतात. ते तुझ्या सुनेच्या कानावर आलंय आणि ती रात्री रडते. हृदयातला पडदा गरोदरपणाच्या पहिल्या सात-आठ आठवड्यांतच तयार होतो, तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं नुकतं कळलेलं असतं. हजार बाळांमागे आठ-नऊ बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्मतात, आणि बहुतेकदा त्याचं एकच असं कारण सापडत नाही. तिने काही केलं म्हणून हे झालं नाही. हे तू तिला तुझ्या तोंडाने सांग. माझ्या सांगण्याने तिचं समाधान होत नाही, तुझ्या होईल.

भोकावर ठिगळ बसवलंय, त्यावर हृदयाचं स्वतःचं अस्तर चढायला साधारण सहा महिने लागतात. तोवर अंगात जंतू शिरू नयेत म्हणून जपायचं. लसींचं वेळापत्रकही डॉक्टर बघून देणार आहेत, कारण तिला रक्त चढवलंय. बाकी तिला काचेची समजायची नाही. तिच्याशी बोला, गाणी म्हणा, रडली तर घ्या. रडण्याने टाके उसवत नाहीत.

येण्याआधी तुम्ही दोघं फ्लूची लस घ्या, गावच्या डॉक्टरांना विचारून. आईची जुनी मऊ सुती लुगडी धुवून, इस्त्री करून आणा, बायच्या दुपट्यांना हवीत. थोडे उकडे तांदूळ आणि कुळीथ. बाबा, बीपीच्या गोळ्या महिन्याच्या घेऊन निघा. बसमध्ये बसलात की फोन करा, मी म्हापशाच्या स्टँडवर गाडी घेऊन येतो.

तुमचा,
बाबू