फरीनाचा पाव

अ‍ॅडलेड, १८ जुलै

ती. दादा आणि आई यांस,
शि. सा. नमस्कार.

पोरांना थंडीची सुट्टी होती म्हणून गाडी काढून उत्तरेला फिरून आलो. फोनवर सांगायला लागले की दादा "बरं बरं" करत फोन आईकडे देतात, म्हणून हे पत्र.

अ‍ॅडलेडपासून सहाशे किलोमीटरच्या वर फरीना नावाचं ओसाड गाव आहे. लिंडहर्स्टपर्यंत डांबरी रस्ता, पुढे नुसता फुफाटा. गावात काय, तर दगडी भिंती उभ्या आहेत, छप्परं गेली. दोन हॉटेलं होती म्हणे, त्यांच्या खिडक्यांतून आता आरपार माळ दिसतो. तोही असा की म्हसवडचा माळ त्यापुढे भरलेला वाटावा. झाडं जवळजवळ नाहीतच. गुडघाभर राखाडी झुडपं, त्यांना सॉल्टबुश म्हणतात. ईरानं पान चावून बघितलं आणि थुंकली, खरंच खारट!

दादा, त्या झुडपाची गोष्ट तुमच्यासाठी. १८६५ च्या दुष्काळात इथल्या मोजणीखात्याचे मुख्य साहेब, जॉर्ज गॉयडर, घोड्यावरून रानोमाळ फिरले. पाऊस कुठवर पोचला आणि ही झुडपं कुठून सुरू होतात, ते बघून त्यांनी नकाशावर रेघ मारली. रेघेच्या वर मेंढरं राखा, गव्हाच्या नादाला लागू नका. पुढे चार वर्षं पाऊस बरा झाला आणि लोक म्हणायला लागले, नांगर पुढे गेला की पाऊस मागनं येतो. १८७४ ला सरकारनंही ती रेघ गुंडाळून ठेवली. १८७८ ला फरीनाचे प्लॉट पाडले आणि गहू पिकणार म्हणून गावाला पिठाचं नाव दिलं. त्याच सुमाराला आपल्याकडे मोठ्या दुष्काळानं माणसं मरत होती! पाऊस म्हणाल तर तिथे आपल्या माणदेशाच्या निम्माही नाही. १८८० पासून तोही रुसला. १८८२ ला रेल्वे आली म्हणून गाव तगलं. १९८० च्या दशकात ती लाईनच बंद झाली.

आता बापूचं. कॅनॉलला दोन वर्षं पाणी आलं म्हणून तो तीन एकर ऊस लावायचं म्हणतोय, असं आई म्हणाली. लावू दे, पण सगळ्या रानात नको. दादा, तुम्ही बहात्तरला खडी फोडलीय, तुमचं तो ऐकेल. माझं ऐकायचा नाही, ऑस्ट्रेलियात बसून शेती शिकवते म्हणेल.

आणि गंमत म्हणजे त्या गावात खरोखर पाव मिळतो. जुनी बेकरी जमिनीखाली आहे, दगडी पायऱ्या उतरून जायचं. हिवाळ्यात काही आठवडे लांबलांबून म्हातारे-म्हाताऱ्या स्वखर्चानं येतात, पडक्या भिंती सावरतात आणि त्या जुन्या भट्टीत लाकडं घालून पाव भाजतात. कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या एका आजींनी ओमला गरम बन दिला, पैसे घेईनात. शेवटी यांनी देणगीच्या डब्यात टाकले. पावाचं कवच असं कडक की आईच्या दाताला झेपलं नसतं, आत मात्र मऊ लुसलुशीत.

कबरस्तानात एका बाजूला उंटवाल्यांच्या कबरी आहेत. इथे सरसकट अफगाण म्हणतात, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबीही होते. १८६६ च्या सुमाराला उंटांचा पहिला मोठा तांडा कराचीहून बोटीनं इथे आला, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. रेल्वे नव्हती तिथे माल न्यायचे ते हेच. हे ऐकून ओम विचारतो, आजोबांकडे उंट का नाही? काय सांगू?

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला का? फोटो बापूच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेत, मोठ्या स्क्रीनवर बघा. पाऊस कसा आहे ते कळवा, बाजरी पेरली का तेही.

तुमची,
सुनीता