यंदा दिवाळीला येत नाही, म्हणून

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

यंदा दिवाळीला मी येत नाही, हे फोनवर सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून लिहीत आहे. तिकीट बदलून 18 डिसेंबरचे घेतले आहे. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ताई चार दिवस आधीच येऊन राहणार आहे. तरीही त्या सकाळी दवाखान्याच्या बाकावर बाबांशेजारी मी नसेन, याची रुखरुख लागून राहिली आहे.

कारण तुमच्या नातवाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. आधीचे प्रशिक्षक हंगामाच्या तोंडावर गाव सोडून गेले आणि बचावाच्या पुढच्या फळीतल्या चौघांना शिकवण्याचे मी कबूल केले. चेंडू हातात घेऊन पळायचा इथला हा फुटबॉल नोव्हेंबरपर्यंत चालतो. चेंडू हलताच समोरच्या पाच जणांची भिंत फोडायची, हे या चौघांचे काम; पण ते नुसत्या ताकदीने होत नाही, म्हणून मी त्यांना स्टंट, म्हणजे दोघांनी ठरवून जागा बदलत घुसण्याची चाल, शिकवतो. चौघांतला आतला खेळाडू, म्हणजे टॅकल, तिरका बाहेर घुसून समोरच्यांना अंगावर घेतो आणि कडेचा, म्हणजे एंड, त्याच्या पाठीला लगटून वळसा घेत आतल्या फटीत शिरतो. वळसा लांबला तर फट उघडी राहते आणि चेंडूवाला नेमका तिथूनच पळतो. हा मेळ जमायला आठवडे लागतात. तो अर्धवट सोडून येणे मला जमले नाही.

परवा एक अकरा वर्षांचा मुलगा तिसऱ्यांदा घाईने वळला आणि जोडीदारावर आदळला. मी त्याला तळहात जोडीदाराच्या कमरेवर ठेवायला लावला आणि कंबर पुढे सरकल्याशिवाय वळायचे नाही, असे सांगितले. बाबा, त्या क्षणी मला शाळेमागचे कबड्डीचे मैदान आठवले. कोपऱ्यातल्याने चढाईपटूचा घोटा धरेपर्यंत मी झेपावू नये, म्हणून तुम्ही माझे मनगट घट्ट धरून ठेवत होतात. घरी आल्यावर सोललेल्या गुडघ्यांना आई हळद लावायची आणि तुमच्यावर रागवायची.

आई, तुला मुलांच्या डोक्याची काळजी वाटणार, हे मी जाणतो. धोका नाहीच, असे मी म्हणणार नाही. मात्र कॅलिफोर्नियात 2021 पासून कायद्यानेच पूर्ण ताकदीच्या धडकांचा सराव आठवड्यातून दोनच दिवस आणि दिवसाला 30 मिनिटांपर्यंतच घेता येतो. त्यामुळे स्टंट आम्ही आधी चालत आणि मग अर्ध्या वेगाने घोटवतो. डोके खाली घालून कोणी घुसला, तर मी सराव तिथेच थांबवतो.

आता माझे ऐकायचे. डोळ्यांतले थेंब ताईच घालील, तू स्वतः घालायचे नाहीत. डॉक्टर हो म्हणेपर्यंत फोडणीसमोर उभे राहायचे नाही, वाकून केर काढायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही. फराळाचे ताई बघेल. माझ्या वाटणीच्या चकल्या डिसेंबरमध्ये केल्यास तरी चालतील. बाबांनी रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर न चुकता घ्यावी आणि पाण्याचा कॅन उचलू नये, तो वॉचमन वर आणून देईल, त्याच्याशी मी बोललो आहे.

बाबा, एक विचारायचे राहिले. माझे मनगट धरणे तुम्ही कधी आणि कशावरून थांबवलेत? त्या मुलाच्या बाबतीत मला ते ठरवता येत नाही. रविवारी सकाळी फोन करीन, तेव्हा सविस्तर सांगा.

तुमचा,
बाळू